तीन ठोके, चार कप

वन्संनी कागद दोनदा वाचून दाखवला. त्या शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे घरातला मजकूरही वर्गासमोर वाचतात तसाच वाचायच्या. पूर्णविरामाला थांबायच्या, स्वल्पविरामाला श्वास घ्यायच्या, मधूनच चष्म्यावरून बघायच्या.

"मी, खाली सही करणारा सांधेवाला, स्टेशन मास्तरांची परवानगी न घेता, स्वतःच्या अंदाजावर विसंबून, समोरून मालगाडी येत असताना कामगारांची ट्रॉली लाईनवर सोडली. माझी चूक मला मान्य आहे."

"ते 'विसंबून' काढ ताई," खाली सही करणारा सांधेवाला म्हणाला. "मी असं बोलतो का कधी?"

"उद्या साहेब बोलणं ऐकायला येत नाहीयेत. कागद न्यायला येताहेत."

"तरीपण. आख्खं स्टेशन हसेल."

"स्टेशनात माणसं किती? चार," धाकटी म्हणाली. ती सांधेवाल्याची बायको, या घरातली धाकटी सून. "त्यातला एक सस्पेंड. राहिले तीन. हसू देत."

दुपारचे अडीच वाजले होते. स्टेशनच्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. स्वयंपाकघराच्या दारात, अर्धी आत अर्धी बाहेर, घरातली थोरली सून बसली होती. तिची बसायची जागा गेली सहा वर्षं तीच. पाहुणे म्हणायचे, अगं आत येऊन बस की. ती म्हणायची, इथे वारा लागतो. तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वीच्या मंगळवारी ट्रॉली आणि मालगाडी समोरासमोर आली. ट्रॉलीवरच्या चौघांनी उड्या टाकल्या. तिघं खरचटण्यावर सुटले, चौथ्याचा खांदा मोडला, ट्रॉलीचा चुरा झाला. स्टेशन मास्तर म्हणजे थोरलीचा नवरा, आणि ट्रॉली लाईनवर घेणारा सांधेवाला म्हणजे मास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ. मास्तरांच्या रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: दहा वीस, तीन ठोके, मालगाडी पुढच्या स्टेशनातून निघाली. मालगाडी निघाल्याचं मास्तरांनी लिहून ठेवलंय, म्हणजे ट्रॉलीला परवानगी त्यांनी दिलेलीच नाही. म्हणजे ती सांधेवाल्याने परस्पर सोडली. साहेबलोकांना एवढं पुरतं. सरळ रेषेत चालणारा विचार त्यांना फार आवडतो.

परवानगीची चिठ्ठी लेखी द्यायची असते. पण अठरा वर्षांत या दोन भावांमध्ये एक चिठ्ठी झाली नव्हती. मास्तरांनी ऑफिसच्या खिडकीतून हात वर केला की धाकट्याने रूळ बदलायचा खटका ओढायचा. भावाकडे कोणी चिठ्ठी मागतं का?

त्या दिवशीही हात वर झाला होता. धाकट्याने तो पाहिला होता. हाताची नोंद कुठे होत नाही.

भिंतीपलीकडे घंटी झाली. बारीक, चमच्याने पेला वाजवावा तशी. एक, दोन, तीन, चार.

थोरली उठली. स्वयंपाकघर आणि ऑफिस यांच्यामधल्या भिंतीत हातभर रुंदीची खिडकी होती. तिच्या फळीवर तिने चार कप उपडे ठेवले, चारींचे कान डावीकडे. पलीकडे मास्तर रजिस्टरावर वाकलेले होते. नजर वर करून त्यांनी कप बघितले, लिहिलं, मान हलवली. तिने कप उचलले आणि परत दारात येऊन बसली.

"सारखं काय उठतेस, वहिनी?" वन्सं म्हणाल्या. "इथे भावाच्या पोटावर पाय यायची वेळ आली आणि तुझं आपलं कपबशांचं चाललंय."

थोरलीला थकवा आला होता. आजचा नव्हे, फार जुना. हाडात ओल मुरावी तसा मुरलेला.

ती खिडकी आजेसासऱ्यांनी फोडून घेतली होती. ते इथले पहिले मास्तर. तेव्हा स्टेशन म्हणजे एक पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि मागे दगडाची खाण. खाणीचा दगड न्यायला लाईन आली, आणि वाफेची इंजिनं पाणी प्यायला थांबायची म्हणून स्टेशन आलं. दगड संपला, वाफ संपली, टाकीत कबुतरं झाली. स्टेशन उरलं. दोन लाईनी, एक प्लॅटफॉर्म, दिवसाला चार पॅसेंजर आणि येतील तेवढ्या मालगाड्या. ऑफिसात एक लाकडी पाटी आहे, आजवरच्या मास्तरांच्या नावांची. सात नावं, त्यातली तीन या घरातली. आजेसासरे, सासरे, नवरा. पाटी दरवर्षी पॉलिश होते. या खिडकीतून कोणी काय काय पोचवलं, त्याची पाटी नाही.

सहा वर्षांपूर्वी मास्तरांच्या कानातून पहिल्यांदा घंटी गेली. मग पाखरं गेली, मग पाठीमागून मारलेली हाक. फोन डाव्या कानाला घट्ट दाबून धरला की निभायचं. समोरच्याचे ओठ दिसले की निभायचं. पण घंटीला ओठ नसतात. घंटीच्या यंत्रावर एक काटा असतो, तो बघूनही कळतं. काटा त्याच्याही आधीपासून अडकलेला. दहा तक्रारी गेल्या, तेव्हा वरून माणूस आला आणि काट्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवून गेला. कानांची तपासणी दरवर्षी व्हायची. डॉक्टर समोर बसून विचारायचा, नीट ऐकू येतं ना? मास्तर त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचे, येतं. शिक्का.

तेव्हापासून घंटी थोरली ऐकायची. तीन ठोके, तीन कप: गाडी तिकडून निघाली. चार ठोके, चार कप: गाडी तिकडे पोचली, लाईन मोकळी. घंट्या दोन, दोन्ही बाजूंच्या स्टेशनांच्या, आवाज वेगवेगळे. कपाचे कान ज्या दिशेला, त्या दिशेची गाडी. फोन वाजला तर उपडी बशी. ठरवायला नवराबायको कधी बसले नव्हते. एक दिवस तिने कप ठेवले, त्यांनी बघितले, झालं. त्यावर दोघं एक शब्द बोलले नाहीत, आजतागायत.

"सही केली की काय होईल, ते तरी सांगा," धाकटी म्हणाली. "नीट सांगा वन्सं. फळ्यावर लिहिल्यासारखं."

"नोकरीवरून काढतीलच असं नाही."

"क्वार्टर?"

"ते बघू नंतर."

"नंतर म्हणजे सामान प्लॅटफॉर्मवर आलं की."

"हे बघ, दादाची आठ महिने नोकरी राहिलीय. आठ महिन्यांसाठी चाळीस वर्षांवर बोळा फिरवायचा का? आजोबांपासूनचं नाव आहे या घराचं. हा अजून तरुण आहे, हातपाय धड आहेत, कुठेही काम मिळेल."

"हो ना. हातपाय धड आहेत हाच गुन्हा."

"आई, तू सांग हिला काहीतरी."

सासूबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "आठ महिने कसेही काढा. घरातलं घरात ठेवा. आम्ही काढलेच की."

आता चौघांमध्ये दोन दोन झाले होते. वन्सं आणि सासूबाई एकीकडे, धाकटी दुसरीकडे, आणि धाकटा, ज्याचं सगळं होतं, तो बायकोच्या बाजूला बसून मनाने दादाच्या बाजूला. त्याला दादाने वाढवला होता. सायकल दादाने शिकवली, नोकरीला दादाने लावला, खटका कसा ओढायचा हे मागे उभं राहून, हातावर हात ठेवून दादाने दाखवलं. अशा माणसाकडून सही घ्यायला कागदाचीही गरज नसते.

मास्तर पाणी प्यायला आत आले. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली, माणूस गर्दीत ओळखीचं शोधतो तशी.

वन्सं पाठमोऱ्या कागदाची घडी करत होत्या. "दादा, साहेब उद्या कितीच्या गाडीने येणार?"

मास्तर पाणी पीत राहिले.

"नऊ चाळीसच्या," थोरली म्हणाली.

हे असंच चालायचं. त्यांना विचारलं की उत्तर ही द्यायची. नातेवाइकांत तिची ख्यातीच होती, नवऱ्याला तोंड उघडू देत नाही बाई.

"दादा," धाकटा त्यांच्या समोर जाऊन म्हणाला, "तू हात वर केला होतास ना?"

मास्तरांनी ग्लास ठेवला. भावाच्या ओठांवरून नजर काढली, ती जमिनीवर ठेवली. "रजिस्टरात आहे ते आहे," ते म्हणाले, आणि ऑफिसात परत गेले. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागला.

"ऐकलंत?" धाकटी म्हणाली. "नाही ना म्हणाले. हो पण नाही म्हणाले." मग ती थोरलीकडे वळली. "जाऊबाई, तुम्ही तरी बोला. सगळ्या घराला ठाऊक आहे, त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी काहीतरी चुकीचं धरलं, हात वर केला, आणि मग मागाहून तीन लिहिले. माझ्या नवऱ्याच्या नावावर लिहिले."

"काहीतरीच काय बोलतेस," वन्सं म्हणाल्या. "दादाला चांगलं ऐकू येतं. मी दर रविवारी फोन करते त्याला."

"फोनवर तुम्हीच बोलता वन्सं. त्यांना कशाला ऐकू यायला लागतंय?"

सासूबाई हसल्या. पंधरा दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले. "तुमचे वडील वेळेचे पक्के होते, ठाऊक आहे ना? घड्याळ मिळालं होतं बक्षीस. ज्या वर्षी मिळालं, त्या आख्ख्या वर्षात दुपारनंतर ते दारू पिऊन दिव्यांच्या खोलीत घोरत असायचे. घंटी मी घ्यायचे. सिग्नल मी पाडायचे. त्यांचा कोट घालून प्लॅटफॉर्मवर उभी राहायचे, लांबून ड्रायव्हरला काय कळतंय."

"आई, तू हे कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि काही झालं नाही कधी. नशीब."

"इथे झालं ना," थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने इतकं सपाट सांगितलं, जसं काही भाजीत मीठ राहिलं म्हणून सांगतेय. कप. कान. बशी. सहा वर्षं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "त्या मंगळवारी मी तीन ठेवले होते. गाडी निघाली होती. तीन ठेवून, त्यांनी वर बघायच्या आत, मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेले. ओरडा ऐकून आले तर फळीवर चार होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी कपांकडे."

मग वन्सं हळू म्हणाल्या, "मंगळवारी मी आले होते."

"हो."

"मी आत आले, चहा करायला घेतला होता कोणीतरी असं वाटलं. तीन कप काढलेले. म्हटलं आई, तू, दादा आणि मी. चौघं आहोत." त्यांचा आवाज पहिल्यांदाच स्वल्पविरामाशिवाय आला. "मी एक ठेवला. कान सारखे केले. मला वेडेवाकडे ठेवलेले आवडत नाहीत."

"हो," थोरली म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"चौथा फुलाफुलांचा होता. मी तो कधी काढत नाही. पाहुणेच घेतात."

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. धाकटा मात्र खाली बघून पुटपुटला, "म्हणजे दादाने बरोबरच बघितलं. चार होते. त्याने चारच बघितले." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. नोकरी चालली होती, आणि या माणसाला आनंद कशाचा, तर दादाने मुद्दाम हात वर केला नव्हता याचा.

थोरलीला वाटलं, आता तरी वन्सं कागद फाडतील. पण माणसं अशी नसतात. वन्संनी चष्मा पुसला, आणि पुसता पुसता त्यांच्यातली मुख्याध्यापिका परत आली.

"हे बाहेर कोणाला सांगणार? साहेबांना सांगणार, कप होते म्हणून? हसतील. वर दादाने सहा वर्षं फसवलं म्हणून त्याला वेगळं धरतील. वहिनीला धरतील. मला..." त्या थांबल्या. "त्यापेक्षा हे बरं. एकाचंच जाईल." त्यांनी कागद धाकट्यासमोर सरकवला. "सही कर बाळा. मी आहे ना."

"दे," धाकटा म्हणाला. पेन त्याने आधीच खिशातून काढलं होतं.

धाकटी थोरलीकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात आता टोमणा नव्हता. नुसतं बघणं होतं, आणि ते टोमण्यापेक्षा जड होतं.

तेवढ्यात घंटी झाली. उजवीकडची. एक, दोन, तीन.

या वेळेला दोन्हीकडून गाडी असते. उजवीकडून पॅसेंजर, डावीकडून रिकामी मालगाडी. कोण आधी निघाली ते घंटी सांगते, त्याप्रमाणे मास्तर सिग्नल पाडतात. पाडला नाही तर गाडी सिग्नलबाहेर उभी राहते. एवढंच. कोणी मरत नाही. फक्त गाडी उभी राहिली की वरपर्यंत कागद हलतो. माणसाचा खांदा मोडला तर चौकशीला पंधरा दिवस लागतात. गाडी दहा मिनिटं अडली तर तासाभरात साहेब दारात, घंटी का घेतली नाही म्हणून. हे थोरलीला नीट ठाऊक होतं. सव्वीस वर्षं या भिंतीला कान लावून राहिली होती ती.

ती उठली नाही.

सासूबाईंचे ओठ हलले होते, एक दोन तीन, जुन्या सवयीने. त्यांनी सुनेकडे बघितलं. सून हात मांडीवर ठेवून बसली होती.

पुन्हा घंटी. तीनच.

"वहिनी," धाकटा म्हणाला. पेन हातातच. "पॅसेंजर निघाली."

"ऐकलं भाऊजी."

"दादाला सांगायला पाहिजे."

"सांगा ना. तुम्ही सांगा. इथूनच सांगा."

धाकट्याने खिडकीकडे तोंड केलं. फळीच्या चौकटीत मास्तरांची पाठ दिसत होती. ते रजिस्टरात पट्टीने रेघा मारत होते. "दादा," त्याने हाक मारली. मग मोठ्याने, "दादा." मग लाईनवर मारायचा तसा पोटातून, "दादा."

पाठ हलली नाही. रेघ सरळ आली.

भिंतीवरचा फोन वाजायला लागला. तो मास्तरांच्या डोक्यापासून दोन हातांवर होता. वाजला, वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मास्तरांनी पट्टी खाली सरकवली आणि पुढची रेघ मारली.

वन्सं उठल्या. "मी सांगते त्याला, काय चाललंय हे, सरकारी काम आहे."

"बस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी लेकीचं मनगट धरलं होतं. म्हातारीच्या हातात अजून सिग्नल पाडायची ताकद होती. "मी नाही केलं हे. करायला पाहिजे होतं. बस तू."

वन्सं बसल्या.

मग लांबून शिटी आली. एक लांब. मग पुन्हा लांब. सिग्नलबाहेर पॅसेंजर उभी होती. प्लॅटफॉर्मवरचे तीन उतारू माना उंच करून बघायला लागले. बाहेर खटक्यापाशी बसलेला बदली सांधेवाला उठला आणि ऑफिसच्या खिडकीकडे बघत राहिला. त्याला कोणी हात वर करून दाखवत नव्हतं. धाकट्याने सहीचं पेन कागदावर आडवं ठेवलं. कागद वन्संनी उचलला नाही, कोणीच उचलला नाही.

आठ मिनिटं झाली तेव्हा थोरली उठली. खिडकीपाशी न जाता ती दाराने ऑफिसात गेली. त्या दाराने ती आत फारशी कधी गेली नव्हती. मास्तरांच्या खांद्यावर तिने हात ठेवला तसे ते दचकले. आधी त्यांनी फळीकडे बघितलं. फळी रिकामी होती. मग दाराकडे. दारात बहीण, भाऊ, भावजय उभे होते, मागे आई भिंतीला धरून.

"किती?" मास्तरांनी थोरलीला विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंडाने विचारलं.

"ठोके केव्हाच झाले," ती म्हणाली. सावकाश, ओठ नीट दिसतील असं. "तुम्हाला हाका मारल्या. फोन वाजला. आता शिटी देतेय. गाडी सिग्नलला उभी आहे, अहो. आत्ता फोन येईल वरून. तो मी घेईन आणि काय ते सांगेन."

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचं सांगून संपलं तरी बघत राहिले. मग त्यांनी पट्टी रजिस्टरात ठेवली, रजिस्टर मिटलं, टोपी घातली आणि प्लॅटफॉर्मवर गेले. शिटी पुन्हा झाली. उतारूंनी उजवीकडे बघितलं, बदली सांधेवाल्याने उजवीकडे बघितलं. मास्तरांनी डोळ्यांवर हात आडवा धरला आणि ते डावीकडच्या मोकळ्या लाईनीवर गाडी शोधायला लागले.

वन्संनी तोंड फिरवलं. धाकटा पायरी उतरून गेला आणि त्याने दादाचा दंड धरून त्याला वळवलं.